जुन्या मारुती ८०० चे निदान: सकाळचा सेल्फ आणि पीयूसीची चिठ्ठी एकत्र वाचावी

डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलेल्या मारुती ८०० च्या कार्ब्युरेटरवर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागावर) चालणाऱ्या जुन्या गाड्या आजही अनेक घरांनी जपून ठेवल्या आहेत. या गाड्यांच्या मालकांकडून दोन तक्रारी वारंवार ऐकू येतात. सकाळी सेल्फ फार वेळ मारावा लागतो, ही पहिली. आणि गाडी पीयूसीत नापास होते, ही दुसरी. पहिल्या तक्रारीसाठी मालक बॅटरीवाल्याकडे किंवा ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जातो आणि दुसरीसाठी कार्ब्युरेटर ट्यून करणाऱ्याकडे. दोघेही आपापल्या हद्दीतले काम करून देतात, पैसे जातात, आणि महिन्याभराने दोन्ही तक्रारी परत येतात. माझा अनुभव असा आहे की पुष्कळदा हा एकच बिघाड असतो. इंजिन चालण्यासाठी हवा आणि पेट्रोल यांचे योग्य मिश्रण, वेळेवर पडणारी दमदार ठिणगी आणि सिलिंडरमध्ये पुरेसा दाब एवढ्या तीन गोष्टी लागतात. यांपैकी जी कमी पडते ती सकाळी सेल्फ मारताना जाणवते आणि तीच सायलेन्सरमधून बाहेर पडणाऱ्या वायूंच्या आकड्यांतही उमटते. म्हणूनच पीयूसी केंद्रावर मिळणारी चिठ्ठी केवळ पोलिसांना दाखवण्याचा कागद न मानता तिच्याकडे निदानाचे साधन म्हणून पाहावे, असे मला मनापासून वाटते.

पुढील विवेचन मुख्यतः तीन सिलिंडरांच्या ७९६ सीसी कार्ब्युरेटर इंजिनाला धरून केले आहे. त्या काळातील इतर कार्ब्युरेटर गाड्यांनाही यातील बहुतेक भाग लागू पडतो. एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणाऱ्या, गाड्यांविषयी शेवटाकडे थोडे लिहिले आहे.

पाना हाती घेण्यापूर्वी

बिघाड नेमका केव्हा होतो, याची चार-सहा दिवस वहीत नोंद ठेवावी. गाडी रात्रभर उभी राहिल्यावरच त्रास देते, की चार दिवस उभी राहिल्यावर; घाट चढून चहाला थांबल्यावर, की पाऊस पडून गेल्यावर; सेल्फ हळू फिरतो, की जोरात फिरूनही इंजिन पेट घेत नाही; एवढी माहिती नीट लिहिलेली असली तर निम्मे निदान तिथेच होते. साधने फार लागत नाहीत. एक साधा मल्टिमीटर, प्लग पाना, फिलर गेज (बारीक फट मोजण्याच्या पातळ पट्ट्या), चांगला टॉर्च आणि एक जादा स्पार्क प्लग एवढे पुरे आहे. यापूर्वी कोणत्या गॅरेजात काय बदलले याच्या पावत्या असतील तर त्याही जवळ ठेवाव्यात.

सुरक्षिततेच्या बाबतीत तडजोड करू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो, त्यामुळे बंद गॅरेजात किंवा इमारतीखालच्या कोंदट पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून तपासणी करू नये. गाडी मोकळ्यावर काढावी. गिअर न्यूट्रलला आणि हँडब्रेक ओढलेला असावा. ओढणी, सैल बाही, गळ्यातील साखळी पट्ट्याजवळ जाऊ देऊ नये, आणि रेडिएटरचा पंखा किल्ली चालू असताना आपोआप फिरू शकतो हे लक्षात ठेवावे. पेट्रोल उघडे असताना ठिणगीची चाचणी करू नये.

सर्वांत महत्त्वाचा नियम असा की एका वेळी एकच गोष्ट बदलावी, परिणाम पाहावा, लिहावा आणि मगच पुढे जावे. प्लग, कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) आणि मिक्श्चरचा (हवा-पेट्रोलचे प्रमाण ठरवणारा) स्क्रू एकाच दुपारी बदलले, तर गाडी सुधारली तरी कशाने सुधारली ते कळत नाही, आणि बिघडली तर मागे जाण्याची वाटही उरत नाही.

सेल्फ हळू फिरत असेल तर

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर सकाळी किल्ली फिरवण्याआधी मल्टिमीटर लावावा. १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. त्यानंतर दुसऱ्या व्यक्तीला सेल्फ मारायला सांगून आकडा कुठपर्यंत उतरतो ते पाहावे. चांगली बॅटरी सेल्फच्या भाराखालीही १० व्होल्टच्या आसपास तग धरते, ती ९.६ च्या खाली गेली तर आधी चार्ज करून पुन्हा तपासावी आणि तरीही तोच आकडा आला तर ती संपली असे समजावे. इंजिन सुरू झाल्यावर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. तेवढे दिसत नसतील तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा पाहावा, अन्यथा नवी बॅटरीही महिनाभरात तशीच उतरेल.

बॅटरी चांगली असूनही सेल्फ ओढल्यासारखा फिरत असेल, तर बहुतेकदा दोष अर्थिंगचा, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाच्या इंजिनाशी असलेल्या जोडणीचा, असतो. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ मारावा. तिथे ०.२ व्होल्टपेक्षा अधिक फरक दिसला, तर अर्थची केबल किंवा तिचा बोल्ट गंजलेला आहे. कोकणासारख्या दमट भागात वर्षानुवर्षे राहिलेल्या गाड्यांत हे फार आढळते. केबल बाहेरून काळी आणि अखंड दिसते, पण आतल्या तारा हिरव्या भुकटीसारख्या झालेल्या असतात. अशी कमजोर अर्थिंग केवळ सेल्फला नडते असे नाही. सेल्फ फिरत असताना कॉइलला मिळणारा विद्युतदाब त्यामुळे कमी होतो, ठिणगी अशक्त पडते, आणि नेमक्या सुरू होण्याच्या क्षणी पेट्रोल न जळता पुढे जाते.

सेल्फ सलग पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये अर्धा मिनिट थांबावे.

सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही

येथे पहिला प्रश्न करंटचा. एक प्लग काढून, त्याची टोपी पुन्हा बसवून, प्लगचा धातूचा भाग इंजिनाला घट्ट टेकवावा आणि प्लगच्या उघड्या भोकापासून दूर ठेवून सेल्फ मारावा. उजेडातही दिसणारी, टकटक आवाज करणारी निळसर-पांढरी ठिणगी चांगली. पिवळसर किंवा लालसर, अधूनमधून चुकणारी ठिणगी कमजोर. प्लगकडे जाणारी हायटेन्शन वायर हातात धरून किंवा मोकळी लोंबकळत ठेवून ही चाचणी कधीही करू नये. माणसाला जोरदार झटका तर बसतोच, शिवाय इलेक्ट्रॉनिक इग्निशन असलेल्या गाडीत इग्नायटर जळण्याची शक्यता असते.

ठिणगी अजिबात नसेल तर डिस्ट्रिब्युटरची (प्रत्येक प्लगला करंट वाटणाऱ्या भागाची) टोपी काढून सेल्फ मारायला सांगावे आणि आतला रोटर फिरतो का ते पाहावे. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टवर चालतो. त्यामुळे सेल्फ नेहमीपेक्षा हलका आणि वेगाने फिरत असेल आणि रोटर मात्र जागचा हलत नसेल, तर टायमिंग बेल्ट तुटलेला आहे. त्यापुढे सेल्फ मारत राहण्यात काही अर्थ नाही.

रोटर फिरत असेल तर टोपीच्या आतील बाजूला टॉर्चच्या तिरप्या उजेडात पाहावे. पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत किंवा काठापर्यंत गेलेली दिसली, तर ओलाव्यात करंटने तिथे आपली वाट तयार केली आहे. कापडाने पुसून ती दोन दिवस दबते, पण जात नाही. टोपी बदलावीच लागते. पावसाळ्यात हटकून त्रास देणाऱ्या गाडीचे बॉनेट रात्री अंधारात उघडून इंजिन चालू करावे. वायरींच्या भोवती निळ्या ठिणग्या उडताना दिसल्या तर पुढे काही तपासण्याची गरज राहत नाही. ज्या गाड्यांत पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) आहेत, तिथे पॉइंटची फट फिलर गेजने मोजावी आणि त्यांचे तोंड काळे, खड्डे पडलेले आहे का ते पाहावे. खड्डे लवकर पडत असतील तर कंडेन्सर बदलावा. प्लगची फट साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर असावी.

प्लग काढलेलेच आहेत, तर तिन्ही प्लग ज्या सिलिंडरचे त्या क्रमाने कागदावर मांडून ठेवावेत. हा सगळ्या तपासणीतला मला सर्वांत प्रिय असलेला भाग आहे, कारण प्लगवर गेल्या काही शे किलोमीटरचा इतिहास लिहिलेला असतो. फिकट तपकिरी रंग म्हणजे ज्वलन ठीक आहे. कोरडी, बोटाला लागणारी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त होत आहे. ओलसर, तेलकट काळा थर म्हणजे ऑइल वर येत आहे. पांढराफटक, भाजल्यासारखा दिसणारा प्लग म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. तिन्ही सारखेच काळे असतील तर दोष कार्ब्युरेटरचा किंवा एअर फिल्टरचा आहे. दोन तपकिरी आणि एकच काळा असेल तर दोष त्या एका सिलिंडरच्या प्लग, वायर, टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारा भाग) किंवा व्हॉल्व्हचा आहे, आणि मग कार्ब्युरेटरला हात लावण्याचे कारण नाही.

पेट्रोल पोहोचते आहे का

इंजिन बंद ठेवून एअर फिल्टरचे झाकण काढावे, कार्ब्युरेटरच्या तोंडातून टॉर्चचा उजेड टाकावा आणि हाताने ॲक्सिलरेटरचा दांडा झटक्यात ओढावा. आतील बारीक नळीतून पेट्रोलची सरळ, स्पष्ट धार पडायला हवी. धार पडली म्हणजे फ्लोट चेंबरमध्ये (कार्ब्युरेटरमधील पेट्रोलच्या छोट्या साठ्यात) पेट्रोल आहे आणि ॲक्सिलरेटर पंपही जिवंत आहे. धार नसेल किंवा नुसतेच थेंब गळत असतील, तर टाकीपासून फिल्टर, यांत्रिक पंप आणि निडल व्हॉल्व्ह (फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल सोडणारी झडप) या क्रमाने पुढे यावे. सेल्फ मारला जात असताना मात्र तोंड कार्ब्युरेटरवर आणू नये, कारण इंजिनाने उलटा भडका मारला तर डोळे आणि भुवया भाजतात.

चार-पाच दिवस उभी राहिलेली गाडी पहिल्या सेल्फला सुरू होत नाही, यात पुष्कळदा बिघाड काहीच नसतो. फ्लोट चेंबरमधले पेट्रोल उडून गेलेले असते आणि यांत्रिक पंप इंजिन फिरल्याशिवाय ते भरू शकत नाही. एका रात्रीतच असे होत असेल, तर मात्र पंपातील व्हॉल्व्ह पेट्रोल धरून ठेवत नाही किंवा पाइपच्या एखाद्या जोडातून हवा जाते.

चोकचे बटण ओढल्यावर वरची झडप पूर्ण मिटते का, आणि आत ढकलल्यावर ती पूर्ण उभी राहते का, हे दोन्ही डोळ्यांनी पाहावे. केबल गंजलेली असली की झडप मिटते, पण परत येताना अर्ध्यावर अडकते. अशी गाडी सकाळी झटकन सुरू होते, मालक समाधानी असतो, आणि पीयूसीच्या यंत्रावर कार्बन मोनॉक्साइड मर्यादेच्या बाहेर जातो. याच्या उलट, झडप पूर्ण मिटतच नसेल तर थंड इंजिनाला लागणारे दाट मिश्रण मिळत नाही आणि सकाळी सेल्फ मारून बॅटरी उतरते.

ॲक्सिलरेटर दाबून धरला की गाडी चालते आणि पाय काढला की बंद पडते, या तक्रारीत आयडलिंगच्या (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन संथ चालण्याच्या) पेट्रोलची वाट बंद झालेली असते. कार्ब्युरेटरवरील लहान सोलेनॉइडने (विजेवर उघडणाऱ्या झडपेने) किल्ली चालू करताच टक् असा आवाज द्यायला हवा. आवाज येत नसेल तर आधी त्याची वायर पाहावी. आवाज येत असेल तर आयडल जेट (पेट्रोल मापून सोडणारे बारीक भोक) कचऱ्याने बुजला आहे. जेट हवेच्या दाबाने साफ करावा, तारेने टोकू नये, कारण तारेने भोक मोठे झाले की मिश्रण कायमचे दाट होते.

आता पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, त्याचाही विचार करणे भाग आहे. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर एक किलो इथेनॉलला सुमारे ९ किलो पुरते. निव्वळ पेट्रोलसाठी बसवलेल्या जेटमधून हे मिश्रित इंधन गेले की मिश्रण पातळ होते. शिवाय इथेनॉल थंडीत सहजी वाफ होत नाही, जुन्या रबरी पाइपांना आणि पंपाच्या डायफ्रॅमला मानवत नाही आणि हवेतील ओलावा ओढून घेते. म्हणून अशा गाडीतील पेट्रोलचे सर्व रबरी पाइप आणि डायफ्रॅम इथेनॉलला टिकणाऱ्या प्रकारचे बसवून घ्यावेत, फिल्टर अधिक वेळा बदलावा आणि गाडी महिनोन् महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नये.

गरम इंजिन बंद केल्यावर परत सुरू होत नसेल तर

खंबाटकी किंवा कशेडी घाट चढून थांबलेली गाडी दहा मिनिटांनी सुरू होत नाही, तेव्हा दोन शक्यता असतात. इंजिनाच्या उष्णतेने कार्ब्युरेटरमधील पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांकडे मिश्रण नेणाऱ्या नळीत) सांडते आणि इंजिन ओव्हरफ्लो होते. किंवा पाइपमध्ये वाफ धरून पेट्रोल पुढेच येत नाही. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा तीव्र वास आला तर पहिली शक्यता धरावी. चोक पूर्ण आत ठेवून, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरून, मध्ये न सोडता, पाच-सात सेकंद सेल्फ मारावा. ॲक्सिलरेटर वारंवार दाबला तर दर वेळी पंप आणखी पेट्रोल सोडतो. वास नसेल तर एक प्लग काढून करंट पाहावा, कारण आतून खराब झालेली कॉइल तापली की ठिणगी देणे थांबवते आणि थंड झाल्यावर पुन्हा नीट चालते. असे असेल तर दुसरी कॉइल लावून पाहणे हीच खात्रीची परीक्षा.

पीयूसीची चिठ्ठी कशी वाचावी

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार भारत स्टेज दोनच्या आधीच्या प्रदूषण निकषांवर बनलेल्या चारचाकी पेट्रोल गाडीला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएम (दहा लाख भागांत १५०० भाग) इतकी मर्यादा आहे. भारत स्टेज दोन आणि तीनच्या गाड्यांना ती ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम, तर भारत स्टेज चारच्या गाड्यांना ०.३ टक्के आणि २०० पीपीएम आहे. आपल्या गाडीला कोणती मर्यादा लागू होते ते आधी पाहावे. केवळ पास किंवा नापास एवढ्यावर न थांबता दोन्ही आकडे वहीत लिहावेत, कारण हे दोन वायू दोन वेगळ्या गोष्टी सांगतात.

कार्बन मोनॉक्साइड म्हणजे अर्धवट जळलेले पेट्रोल. हवा कमी आणि पेट्रोल जास्त असले की तो वाढतो. ठिणगीच्या चांगल्या-वाईटपणाशी त्याचा संबंध फार थोडा. हायड्रोकार्बन म्हणजे मुळीच न जळता बाहेर पडलेले पेट्रोल. ठिणगी चुकली, मिश्रण पेटण्याइतके दाट नसले, किंवा सिलिंडर दाबच धरत नसला की तो वाढतो.

यावरून पुढचा मार्ग ठरतो. कार्बन मोनॉक्साइड जास्त आणि हायड्रोकार्बन बेताचा असेल, तर एअर फिल्टर, चोकची झडप, फ्लोटची पातळी, गळणारा निडल व्हॉल्व्ह आणि मिक्श्चरचा स्क्रू या क्रमाने पाहावे. एअर फिल्टर काढून पुन्हा आकडा घेतला आणि तो लक्षणीय उतरला, तर शोध तिथेच संपला. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर ऑइल बदलूनच पुढची मोजणी करावी, कारण त्यातून उठणारी वाफ पुन्हा इंजिनातच ओढली जाते आणि आकडा वाढवते. हायड्रोकार्बन जास्त आणि कार्बन मोनॉक्साइड कमी असेल, तर कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवू नये. प्लग, वायरी, डिस्ट्रिब्युटरची टोपी, इग्निशन टायमिंग, टॅपेटची फट आणि कुठून बाहेरची हवा आत शिरते का, हे शोधावे. दोन्ही आकडे फार जास्त असतील, तर मिश्रण इतके दाट झालेले असते की प्लगच काजळीने बंद पडतात. अशा वेळी आधी मिश्रण दुरुस्त करावे आणि मग प्लग बदलावेत. उलटा क्रम केला तर नवे प्लगही आठवड्यात काळे होतात.

चिठ्ठीवर दोनच वायू छापलेले असले तरी अनेक केंद्रांवरील यंत्र कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजनही मोजते. पडद्यावरचे तेही आकडे विचारून घ्यावेत. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवर धूर शुद्ध करणारा भाग) नसलेल्या गाडीत कार्बन डायऑक्साइड १२ टक्क्यांच्या वर आणि ऑक्सिजन एक-दोन टक्के असेल, तर ज्वलन ठीक आहे. ऑक्सिजन फार जास्त असेल तर एकतर एखादा सिलिंडर मिस करतो आहे, किंवा सायलेन्सरला भोक पडून बाहेरची हवा मिसळते आहे आणि मग सगळेच आकडे फसवे ठरतात.

याचे एक उदाहरण जवळून पाहिलेले आहे. माझ्या काकांची १९९७ ची ८०० पुण्यात डिसेंबरच्या थंडीत चोक ओढूनही पाच-सहा वेळा सेल्फ मारल्याशिवाय सुरू होत नसे, आणि चोक आत ढकलला की थरथरून बंद पडे. नवी बॅटरी, नवे प्लग आणि कार्ब्युरेटरचे नवे किट एवढे सगळे झालेले होते. पीयूसीच्या चिठ्ठीवर हायड्रोकार्बन २१०० आणि कार्बन मोनॉक्साइड ०.४ टक्के होता. म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त, आणि म्हणून मिश्रण नीट पेटत नव्हते. इंजिन चालू ठेवून मी मॅनिफोल्डला जाणारा एकेक रबरी पाइप चिमटीत दाबत गेलो. टॅपेट कव्हरकडून येणारा पाइप दाबताच थरथर थांबली. पाइप वरून धड दिसत होता. काढून उलटा केला तेव्हा खालच्या बाजूला, क्लिपच्या कडेलगत, बोटाच्या पेरभर लांबीची चीर होती आणि पाइप वाकवला की ती ओठासारखी उघडत होती. नवा पाइप बसवल्यावर इंजिनाचे फेरे एकदम वाढले, कारण आधीच्या कोणीतरी थरथर लपवण्यासाठी आयडलिंगचा स्क्रू खूप आत घेतलेला होता. तो मागे घेऊन मिश्रण जुळवले आणि पुढच्या मोजणीत कार्बन मोनॉक्साइड १.४ टक्के व हायड्रोकार्बन ३८० आला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली.

मिश्रण जुळवण्याची पद्धत अशी. इंजिन पूर्ण गरम असावे, दिवे आणि पंखे बंद असावेत, चोक पूर्ण आत असावा आणि टायमिंग व टॅपेट आधीच बरोबर केलेले असावेत. आयडलिंग मिनिटाला ८५० ते ९५० फेऱ्यांवर, किंवा बॉनेटखालील पट्टीवर दिले असेल त्यावर, आणावे. मिक्श्चरचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत इंजिन सर्वांत वेगाने आणि शांतपणे चालेल ती जागा शोधावी, मग फेरे जेमतेम पन्नासने उतरतील इतका तो आत घ्यावा आणि आयडलिंग पुन्हा जागेवर आणावे. हे काम गॅसच्या यंत्रासमोर करणे उत्तम. कार्बन मोनॉक्साइड १ ते २ टक्क्यांच्या दरम्यान ठेवावा. नुसते पास होण्यासाठी स्क्रू पूर्ण आवळून तो ०.३ वर आणून देण्याची पद्धत मला अजिबात मान्य नाही. त्या गाडीचे मालक दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सेल्फ मारत बसतात, आठवड्याभरात कोणीतरी तो स्क्रू परत उघडतो, आणि शहराच्या हवेला त्या प्रमाणपत्राचा काहीच उपयोग होत नाही.

दाब

करंट आणि पेट्रोल दोन्ही ठीक असताना एकच सिलिंडर काम करत नसेल, तर कॉम्प्रेशन गेज लावावा. तिन्ही प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून आणि कॉइलची जोडणी काढून मोजावे. सिलिंडरांमध्ये दर चौरस सेंटिमीटरला १ किलोपेक्षा जास्त फरक नसावा. कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजले आणि दाब वाढला, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. त्यातही आधी टॅपेटची फट पाहावी, कारण फट संपल्यामुळे व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नसेल तर अर्ध्या तासाच्या कामाने इंजिन वाचते. सकाळी सुरू होताच निळा धूर येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्हचे ऑइल सील, आणि चढावर सतत निळा धूर येत असेल तर रिंगा असे साधारण मानावे.

सुरुवातीच्या एमपीएफआय गाड्या

किल्ली चालू करताच मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद पेट्रोल पंपाची घरघर ऐकू यायला हवी. नसेल तर फ्यूज आणि रिले आधी तपासावेत. चेक इंजिनचा दिवा किल्लीबरोबर लागून इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवा. थंडीत सुरू न होणे आणि कार्बन मोनॉक्साइड वाढणे ही दोन्ही लक्षणे एकत्र दिसली, तर पाण्याच्या तापमानाचा सेन्सर मोजावा. त्याचा रोध २० अंशांना साधारण २ ते ३ किलोओहम आणि ८० अंशांना सुमारे ३०० ओहम असतो. तो चुकीचे सांगू लागला की थंड इंजिनाला पेट्रोल कमी मिळते किंवा गरम इंजिनाला जास्त. गरम इंजिनावर ऑक्सिजन सेन्सरचा विद्युतदाब ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत वरखाली व्हायला हवा. तो एका जागी थांबला असेल तर आधी मिश्रण आणि वायर पाहावी, सेन्सर सर्वांत शेवटी बदलावा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही तसाच: मिस करणारे इंजिन दुरुस्त केल्याशिवाय नवा बसवला तर न जळलेले पेट्रोल त्यात पेटून तोही जळतो.

पीयूसीच्या दिवशी

तपासणीच्या आठवडाभर आधी ऑइल आणि एअर फिल्टर बदलले असतील तर उत्तम. केंद्रावर थंड गाडी नेऊ नये. निदान दहा किलोमीटर चालवून, तापमानाचा काटा नेहमीच्या जागी आल्यावर न्यावी, कारण थंड इंजिन आणि थंड कन्व्हर्टर दोन्ही जास्त प्रदूषण करतात आणि कन्व्हर्टर २५० ते ३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय कामच सुरू करत नाही. रांगेत बराच वेळ गेला असेल तर नळी घालण्यापूर्वी अर्धा मिनिट इंजिनाचे फेरे थोडे वाढवून धरावेत. नळी सायलेन्सरमध्ये खोलवर गेली आहे ना हे स्वतः पाहावे, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायची विनंती करावी, आणि चिठ्ठी हाती आल्यावर त्यावरील दोन्ही आकडे, तारीख आणि किलोमीटर त्याच वहीत मागील आकड्यांच्या खाली लिहावेत. कार्बन मोनॉक्साइड आहे तेवढाच राहून हायड्रोकार्बन दर सहा महिन्यांनी थोडा थोडा चढत असेल, तर गाडी अजून पास होत असली तरी प्लग, वायरी आणि टॅपेट पुढच्या थंडीच्या आत पाहून घ्यावेत.